खेळाचं मैदान नव्याने मांडताना : कुणाला विचारायचं, काय मोजायचं?

एक घसरगुंडी, दोन झोपाळे, एक सी-सॉ आणि एक गोल फिरणारी चक्री. आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या बागेत गेलो तर बहुधा हेच चार जिन्नस दिसतात. रंग तेवढे वेगळे. दोन-तीन पावसाळे गेले की झोपाळ्याची एक साखळी निखळते, घसरगुंडीच्या पायथ्याशी खड्डा पडून त्यात पाणी साचतं आणि चक्री गंजून एका जागी बसते. मुलं मात्र शेजारच्या वाळूच्या ढिगावर नाहीतर रस्त्याकडेला पडलेल्या सिमेंटच्या पाइपवर खेळताना दिसतात. मग कधीतरी निधी येतो, नूतनीकरण होतं आणि तेच चार जिन्नस नव्या रंगात परत येतात.

असं का होतं? कारण सामान निवडणारा एक, बसवणारा दुसरा आणि खेळणारा तिसराच असतो. या तिसऱ्याजवळ जी माहिती असते ती पहिल्यापर्यंत कधी पोचतच नाही. घसरगुंडी दुपारी चटका देते हे मुलांना ठाऊक असतं. पाणी नेमकं कुठे साचतं हे शेजारच्या घरातल्या आजींना ठाऊक असतं. दहा वर्षांच्या मुली इथे का येत नाहीत हे मुलींना ठाऊक असतं. ही सगळी निरीक्षणं आहेत. ती गोळा करणं, पडताळणं आणि त्यांवरून निर्णय घेणं हे विज्ञानाचंच काम आहे, आणि शाळेला ते चांगलं जमू शकतं.

या लेखात आपण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं एक मैदान कल्पनेने डोळ्यांसमोर ठेवू. मैदान कल्पनेतलं असलं तरी तिथलं ऊन, तिथली माती आणि तिथलं पाणी खरं आहे. जगात इतरत्र जे करून पाहिलं गेलं त्यातलं काय इथे उपयोगी पडेल, आणि काय मुळीच पडणार नाही, हे त्यामुळे तपासता येईल.

इतरांनी काय केलं?

डेन्मार्कमध्ये कार्ल थिओडोर सोरेन्सन नावाचे उद्यानरचनाकार होते. त्यांनी मुलांसाठी नीटनेटकी मैदानं आखली होती. पण मुलं तिथे खेळण्याऐवजी बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या, विटा आणि दोऱ्यांशी खेळण्यात रमतात, असं त्यांच्या लक्षात आलं. मुलांना दोष देण्याऐवजी त्यांनी आपला आराखडा बदलला. १९४३ साली कोपनहेगनजवळच्या एमड्रुप इथे असं मैदान उघडलं, जिथे मुलांना मोडकंतोडकं सामान आणि हत्यारं मिळत आणि ती स्वतःच काही ना काही उभारत. देश तेव्हा जर्मन फौजांच्या ताब्यात होता, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

ॲमस्टरडॅम शहरात आल्डो व्हॅन आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ साली एका लहानशा चौकात पहिलं मैदान केलं. वाळूचा हौद, कोलांट्या मारायला थोडे लोखंडी दांडे आणि मोठ्यांना बसायला बाकं, एवढंच त्यात होतं. ते पाहून शहरातले लोक पालिकेला पत्रं लिहू लागले : आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा आहे, तिथेही असं करा. अशा रीतीने पुढच्या तीसेक वर्षांत जवळजवळ सातशे मैदानं झाली. मोकळी जागा कुठे आहे हे शोधण्याचं काम लोकांनीच केलं.

तिसरं उदाहरण व्हिएन्ना शहराचं. १९९६-९७ साली तिथे बागांमध्ये कोण खेळतं याचा अभ्यास झाला. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून हळूहळू दिसेनाशा होतात, मुलगे मात्र टिकून राहतात, असं आढळलं. मोकळी जागा एकच, सलग असली की ती चेंडू खेळणाऱ्या मोठ्या मुलांच्या ताब्यात जाते आणि मुली हुज्जत घालण्याऐवजी घरी जातात. १९९९ साली दोन बागांची रचना बदलण्यात आली. वाटा वाढवल्या, सलग जागेचे लहान भाग पाडले, इतर खेळांना जागा दिली. त्यानंतर मुली परत येऊ लागल्या. मुलींना खेळाची आवड नसते हे उत्तर चूक होतं. अडचण जागेच्या मांडणीत होती.

आपल्याकडे पुणे महानगरपालिकेने २००६ सालापासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या भागातल्या कामांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. पुढे हीच महानगरपालिका 'अर्बन-९५' या उपक्रमातही सहभागी झाली. या नावातला ९५ हा आकडा म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाची सरासरी उंची, ९५ सेंटिमीटर. एवढ्या उंचीवरून शहर कसं दिसतं, असा तो प्रश्न आहे. वर्गातल्या मुलांना मीटरपट्टी घेऊन ९५ सेंटिमीटरवर डोळा येईल असं वाकून मैदानभर फिरायला सांगा. झुडपाआड आई दिसत नाही, नळाची तोटी हाताला लागत नाही, बाकाची कड नेमकी कपाळाशी येते, अशा कितीतरी गोष्टी त्यांना पाच मिनिटांत सापडतील.

कुणाला विचारायचं?

"आम्ही लोकांना विचारलं" असं म्हणणं सोपं आहे. पण कोणत्या लोकांना? संध्याकाळी सात वाजता बैठक बोलावली तर तिथे कोण येतं, ते आठवून पाहा. स्वयंपाकाच्या वेळी बायका येत नाहीत. सहा वर्षांच्या मुलांना कुणी बोलावत नाही. बारा वर्षांच्या मुली आल्या तरी बोलत नाहीत. ऊस तोडायला हंगामापुरत्या आलेल्या कुटुंबांना बैठकीचा पत्ताच नसतो. त्यांची मुलं वर्षातले काही महिने याच गावाच्या हद्दीत राहतात, आणि खेळायचं वय तर त्यांचंही असतंच.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर हा नमुना निवडण्याचा प्रश्न आहे. भाताचं एक शीत चाचपून भात शिजला की नाही हे कळतं, कारण पातेलं ढवळलेलं असतं. गाव असं ढवळलेलं नसतं. फक्त वरचीच शितं पाहिली तर अंदाज चुकणार. म्हणून कुणाला विचारलं याची यादी आधी करावी आणि कोण राहिलं ते शोधावं. आमच्या मते निदान एवढ्यांना तरी विचारायला हवं : सहा वर्षांखालची मुलं आणि त्यांना घेऊन येणारी मोठी भावंडं, दहा ते पंधरा वयाच्या मुली, क्रिकेट खेळणारे मुलगे, चालायला किंवा पाहायला अडचण असलेली मुलं, बाकावर बसणारे आजी-आजोबा, मैदानाला लागून राहणारी घरं, साफसफाई करणारे कामगार आणि जवळच्या तालमीतले वस्ताद.

यासाठी कायद्याने दिलेल्या वाटाही आहेत. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. मैदानाचा विषय तिथे आधी मांडला तर बोलणाऱ्यांची संख्या वाढते. शिरोळ शहरात आता नगरपरिषद आहे. तिथे ग्रामसभा नसल्यामुळे गल्लीवार लहान बैठका घ्याव्या लागतील. आणि मुलांचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत खेळण्याचा हक्क आहे, तसाच आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचाही आहे. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली.

त्याच १९९२ साली रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांच्या तोंडी आपलं मत घालणं ही पहिली. त्यांना सजावटीसारखं उभं करणं ही दुसरी. आणि नावापुरतं विचारणं ही तिसरी. चित्रकला स्पर्धा घ्यायची, 'माझं स्वप्नातलं मैदान' असा विषय द्यायचा, बक्षीस वाटायचं आणि मग आधीच ठरलेलं सामान मागवायचं, हे या तिसऱ्या पायरीचं अगदी ओळखीचं रूप.

काय विचारायचं?

"तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न सगळ्यात कमी उपयोगाचा. माणूस आधी पाहिलेलंच मागतो. मुलं घसरगुंडी म्हणतील, मोठे कारंजं म्हणतील. त्याऐवजी घडलेल्या गोष्टींबद्दल विचारावं. काल तू इथे काय खेळलास? कुणाबरोबर? किती वेळ? इथल्या कोणत्या कोपऱ्यात तू जात नाहीस? का? मैदान सोडून तुम्ही कुठे खेळता? या प्रश्नांची उत्तरं खरी-खोटी करून पाहता येतात.

लिहिता न येणाऱ्यांसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, जमिनीवर नकाशा काढण्याची पद्धत चांगली. रांगोळीने किंवा खडूने मैदानाचा आराखडा काढा. झाडं, नळ, दिवा, वाट, गटार दाखवा. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. आवडत्या जागेवर चिंचोके ठेवायचे, नकोशा जागेवर खडे ठेवायचे. मुलग्यांचा आणि मुलींचा नकाशा वेगवेगळा करा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. ज्या जागी एका नकाशात चिंचोक्यांचा ढीग आणि दुसऱ्यात खड्यांचा ढीग असेल, तिथेच मैदानाचा खरा प्रश्न आहे.

माणसं सांगतात तसं नेहमी वागतातच असं नाही. म्हणून विचारण्याबरोबर मोजायचंही. आठवडाभर, दिवसातून चार ठरलेल्या वेळी, पंधरा-पंधरा मिनिटं मैदान पाहायचं. तक्त्यात रकाने असे : वेळ, अंदाजे वय, मुलगा की मुलगी, कुठे, काय करत आहे, सोबत मोठं कुणी आहे का. कुणाचंही नाव लिहायचं नाही. आठवी-नववीची मुलं हे काम उत्तम करतात. आठवड्यात बाजाराचा दिवस आणि रविवार दोन्ही यायला हवेत. हा तक्ता जपून ठेवा, शेवटी त्याची पुन्हा गरज पडणार आहे.

जागेलाही विचारायचं

माणसांना विचारून झालं की जागेला विचारायची पाळी. आधी ऊन. परदेशी पुस्तकांत धातूच्या घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे ठेवावं असा सल्ला असतो. तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला राहतो, म्हणून तो बरोबर आहे. शिरोळ मात्र सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास इथे माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी तो चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, उत्तरेकडे तोंड केलेल्या घसरगुंडीला काहीच संरक्षण नाही. इथे खरा उपाय सावलीचा.

सावली कुठे हवी हे काठीने कळतं. एक मीटरची काठी उभी रोवून दर तासाला सावलीचं टोक खुणेने दाखवा. संध्याकाळी चार ते सहा ही खेळण्याची वेळ असेल तर तेव्हा सूर्य पश्चिमेला असतो आणि सावली पूर्वेकडे पडते. म्हणून झाडाच्या पूर्वेला खेळणी हवीत. झाड आधीच उभं असेल तर खेळणी झाडाकडे न्यावीत, कारण नवं झाड सावली द्यायला काही वर्षं घेतं. त्याच दिवशी घसरगुंडीच्या पत्र्यावर तापमापी ठेवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तापमान नोंदवा. साठ अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांतच भाजतं, हे लक्षात ठेवून ते आकडे वाचा.

मग माती. कृष्णाकाठची काळी माती उसाला चांगली, खेळाला अवघड. तिच्यात चिकणमातीचे कण फार. ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसून भेगा पडतात. पाणी तिच्यातून फार हळू झिरपतं. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. पाण्याचा निचरा न झाल्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनी त्यांनी पाहिल्या आहेत, आणि जमिनीखाली नळ्या टाकून पाणी काढण्याचे प्रयोगही. मैदानावर एक वीतभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि दर तासाला पातळी मोजा. तासात एक सेंटिमीटरही उतरली नाही तर तिथे झोपाळ्याखाली खड्डा आणि खड्ड्यात डबकं होणार हे आजच सांगता येतं. डबक्यात डास होणार हेही ओघाने आलं. अशा ठिकाणी जागा थोडी उंच करणं, उतार देणं आणि चर काढणं हे खेळणी घेण्याआधीचं काम आहे.

आणि पूर. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ साली या तालुक्याने महापूर पाहिले. आपलं मैदान त्या पाण्यात किती बुडालं होतं? हे जुन्या भिंतींवरच्या खुणांवरून आणि लोकांच्या आठवणींवरून नक्की करता येतं. पुराची रेघ गावातल्या मोठ्यांनी दाखवायची आणि मुलांनी पट्टीने मोजून नकाशावर मांडायची. यात दोन्ही पिढ्यांना काम आहे. रेघेखाली येणाऱ्या मैदानात मोकळी वाळू टिकणार नाही, वाहून जाईल किंवा गाळाखाली जाईल. लोखंडी खांब गंजतात ते बहुधा जमिनीच्या पातळीशी, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे एकत्र मिळतात. वरून रंग चकचकीत आणि बुडाशी पाइप कागदासारखा पातळ, असं होऊ शकतं. पूर ओसरला की गाळ काढण्याबरोबर प्रत्येक खांबाचं बूड उकरून, हातोडीने ठोकून पाहायला हवं. हे काम कुणाचं, हे मैदान होण्याआधीच लिहून ठेवावं.

पडण्याचं गणित

मुलं पडणारच. उंचावर चढणं, तोल सांभाळणं, थोडं घाबरणं यांतूनच शरीर शिकतं. म्हणून पडणं बंद करण्यापेक्षा पडल्यावर मोठी इजा होणार नाही हे पाहायचं.

दीड मीटर उंचीवरून पडलेलं मूल जमिनीशी पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर असतो, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या जवळपास. हा वेग किती अंतरात शून्य होतो यावर सारं अवलंबून आहे. सोपा हिशेब असा : पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. थांबायला १० सेंटिमीटर मिळाले तर १५० भागिले १०, म्हणजे सरासरी धक्का गुरुत्वत्वरणाच्या १५ पट. अर्धा सेंटिमीटर मिळाला तर ३०० पट. खेळाच्या मैदानांसाठी अमेरिकेत जी चाचणी करतात तिच्यात डोक्याला बसणाऱ्या कमाल धक्क्याची मर्यादा २०० पट धरली आहे. सिमेंटच्या कोब्यावर किंवा फरशीवर झोपाळा बसवणं किती धोक्याचं आहे, हे या एका भागाकाराने कळतं.

शाळेत गोळाफेकीचा गोळा असतोच. शिक्षकांच्या देखरेखीखाली, पाय दूर ठेवून, तो एक मीटर उंचीवरून वेगवेगळ्या जागी सोडा : रुळलेली वाट, गवत, वाळू, उकरलेली माती. पडलेल्या खळग्याची खोली मोजा आणि १०० ला त्या आकड्याने भागा. कोबा मात्र गोळ्याला द्यायचा नाही, फुटेल. मुलाचं डोकं म्हणजे गोळा नव्हे, त्यामुळे हा आकडा इजेचा आकडा मानायचा नाही. कोणती जागा मऊ, कोणती कडक, हा क्रम मात्र त्यातून बऱ्यापैकी कळतो.

आता कोल्हापूरकरांना एक प्रश्न. धक्का शोषणारी जमीन हा काय नवा शोध आहे? तालमीतला हौदा दुसरं काय आहे? लाल माती आणायची, चाळायची, त्यात हळद, तेल, ताक घालायचं आणि रोज कुस्तीआधी ती उकरून भुसभुशीत करायची. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेपासून गावोगावच्या तालमींपर्यंत हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'रोज' हा आहे. मऊ माती पायाखाली दबून कडक होतेच. ती उकरणारा माणूस नसेल तर सहा महिन्यांत हौद्याचा रस्ता होईल. म्हणून वस्तादांना बैठकीला बोलवावं असं आम्ही वर म्हटलं. दुखापत न होता पडायचं कसं, हेही मुलांना त्यांच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?

अमेरिकेतल्या सुरक्षा पुस्तिकेप्रमाणे सुमारे २३ सेंटिमीटर खोल वाळू सव्वा मीटरच्या आसपास उंचीपर्यंतच पुरेशी धरतात. त्याहून उंच खेळणी हवी असतील तर जमिनीवरचा खर्च आणि देखभाल दोन्ही वाढतात. ज्या गावात देखभालीची खात्री नाही तिथे उंची कमी ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय. मातीचा उंचवटा करून त्याच्या उतारावरच घसरगुंडी टेकवली तर उंचावरून पडण्याचा प्रश्नच राहत नाही.

झोक्याला किती जागा लागते?

झोका हा लंबक आहे. २.२ मीटर लांबीच्या साखळीचा एक पूर्ण हेलकावा सुमारे तीन सेकंदांत होतो, वर बसलेलं मूल लहान असो की मोठं. बैठक एक मीटर उंच गेली तर खालून जाताना तिचा वेग ताशी सोळा किलोमीटर असतो. पुढून पळत जाणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तीन सेकंदांचा अंदाज येत नाही. त्यामुळे झोक्यावर बसलेल्या मुलाइतकीच त्याच्या वाटेत येणाऱ्या मुलाचीही काळजी घ्यावी लागते. नियम असा आहे : साखळी जिथे टांगली तिथपासून जमिनीपर्यंत जितकी उंची, तिच्या दुप्पट जागा पुढे आणि दुप्पट मागे मोकळी हवी. २.४ मीटर उंचीला पुढे ४.८ आणि मागे ४.८, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. लहान बागेच्या मधोमध झोपाळा बसवला की बाकी काही उरत नाही. तो कडेला, कुणाची वाट आडवी येणार नाही असा हवा, आणि त्याची बैठक लाकडी फळीपेक्षा रबराची किंवा पट्ट्याची बरी.

झोक्याबद्दल बायकांनाही जरूर विचारा. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर मोठ्या बायकाही उंच झोके घेतात, आणि मग वर्षभर 'बारा वर्षांवरील व्यक्तींनी बसू नये' ही पाटी वाचतात. मोठ्यांचं वजन पेलणारा एक झोका असावा अशी मागणी आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. आई स्वतः खेळायला आली तर मुलीही येतील.

आधी मांडून पाहा

मागण्या एकमेकींशी भांडणारच. क्रिकेटला सलग जागा हवी, लहानग्यांना चेंडूपासून दूर कोपरा हवा, आजोबांना शांतता हवी. बहुमताने ठरवलं तर ज्यांचा आवाज मोठा त्यांचं मैदान होतं. व्हिएन्नाचा अनुभव हेच सांगतो. त्यापेक्षा वेळ आणि जागा दोन्ही वाटून पाहाव्यात. संख्येने थोड्या असलेल्यांना निदान एक जागा पक्की मिळावी.

कागदावरचा आराखडा बहुतेकांना वाचता येत नाही, जमिनीवरचा सगळ्यांना येतो. म्हणून फक्कीने खऱ्या मापाच्या रेघा मारा. झोपाळ्याच्या जागी दोरी बांधा, बाकाच्या जागी विटा ठेवा, नव्या वाटेवर फक्की टाका. एवढ्यावर पंधरा दिवस मुलांना खेळू द्या आणि पाहा. मुलं आखलेल्या वाटेने न जाता तिरकी जात असतील तर वाट तिरकी करा. फक्की पुसून रेघ हलवायला काही खर्च येत नाही. काँक्रीटमध्ये रोवलेला खांब हलवायला येतो.

मग निर्णय. तो जाहीर करताना काय मान्य झालं एवढंच न सांगता काय मान्य झालं नाही आणि का, हेही मैदानातल्या फळ्यावर लिहावं. 'कारंजं नाही, कारण साचलेलं पाणी आणि विजेचं बिल.' 'उंच मनोरा नाही, कारण खालची माती दर आठवड्याला उकरणारं कुणी मिळालं नाही.' कारण कळलं की नकारही पचतो आणि पुढच्या वेळी लोक पुन्हा बोलायला येतात. उत्तर मिळालं नाही तर येत नाहीत.

काम झाल्यावर फोटो निघतात आणि विषय संपतो. आमच्या मते प्रयोगाचा अर्धा भाग तिथून पुढे आहे. सहा महिन्यांनी तोच तक्ता काढा, त्याच चार वेळांना, तेच रकाने भरा. दहा वर्षांच्या मुली आता किती आहेत? लहानग्यांसोबत मोठी माणसं किती वेळ थांबतात? ऊसतोडीच्या हंगामात आलेली मुलं कुठल्या बाजूने आत येतात, की कुंपणाबाहेरच उभी राहतात? दोन तक्ते शेजारी ठेवले की मैदान सुधारलं की नुसतंच रंगवलं गेलं, हे आठवीतली मुलंही सांगू शकतील. कुंपणाबाहेर उभं असलेलं एक मूल तक्त्यात दिसलं तर पुढची मोजणी त्याच्यापासून सुरू करायची.